थायरॉइड संप्रेरके आणि उच्च रक्तदाब

थायरॉइड संप्रेरके आणि उच्च रक्तदाब यांचा परस्परसंबंध हा अंतःस्रावी ग्रंथींचे शास्त्र आणि हृदयविज्ञान यांच्या सीमेवरचा विषय आहे. गळ्याच्या पुढील भागातील थायरॉइड ग्रंथीतून, म्हणजेच अवटू ग्रंथीतून, रक्तात मिसळणारी संप्रेरके हृदयाच्या ठोक्यांची गती, हृदयाच्या आकुंचनाचा जोर, लहान रोहिण्यांचा ताण आणि मूत्रपिंडांकडून होणारी मिठाची राखण या चारही गोष्टींवर परिणाम करतात. त्यामुळे ही संप्रेरके प्रमाणाबाहेर वाढली तरी रक्तदाब बिघडतो आणि कमी पडली तरी बिघडतो. मात्र बिघाडाची तऱ्हा दोन्ही वेळी वेगळी असते. संप्रेरके वाढली की प्रामुख्याने आकुंचनकालीन, म्हणजे वरचा दाब वाढतो. कमी पडली की प्रामुख्याने प्रसरणकालीन, म्हणजे खालचा दाब वाढतो.

उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत त्याचे एक ठरावीक कारण सापडत नाही. अशा रक्तदाबास प्राथमिक उच्च रक्तदाब म्हणतात. उरलेल्या थोड्या रुग्णांत मूत्रपिंड, अधिवृक्क ग्रंथी, रक्तवाहिन्या किंवा अवटू ग्रंथी यांतील एखादा विकार मुळाशी असतो; त्यास दुय्यम उच्च रक्तदाब ही संज्ञा आहे. दुय्यम कारणांपैकी अवटू ग्रंथीचा विकार साध्या रक्ततपासणीने ओळखता येतो आणि त्यावरील उपचारही तुलनेने सोपे आहेत. तो ओळखला गेला नाही, तर रुग्ण वर्षानुवर्षे रक्तदाबाच्या गोळ्या वाढवत राहतो आणि मूळ विकार तसाच राहतो.

नावांविषयी

मराठी बोलण्यात ‘तिला थायरॉइड आहे’ आणि ‘त्यांना बीपी आहे’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. वास्तविक थायरॉइड ही प्रत्येकालाच असणारी ग्रंथी आहे आणि रक्तदाबही प्रत्येकालाच असतो. रोगाचे नाव गाळून अवयवाचेच नाव रोगाला देण्याच्या या सवयीत एक महत्त्वाची गोष्ट हरवते. संप्रेरक जास्त झाले आहे की कमी, हे ‘थायरॉइड आहे’ या वाक्यातून कळतच नाही, आणि रक्तदाबाच्या दृष्टीने तर तोच मुख्य प्रश्न असतो. वैद्यकात संप्रेरकांच्या अतिरेकास हायपरथायरॉइडिझम आणि त्यांच्या कमतरतेस हायपोथायरॉइडिझम म्हणतात. उच्चारात जवळची असल्याने या दोन नावांची वारंवार गल्लत होते. या लेखात त्यांसाठी अनुक्रमे अवटू-आधिक्य आणि अवटू-न्यूनता हे शब्द वापरले आहेत.

ग्रंथी आणि तिचे नियमन

अवटू ग्रंथी स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या पुढे असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असून प्रौढ माणसात तिचे वजन साधारणतः १५ ते २५ ग्रॅम भरते. अन्नातून आलेले आयोडीन रक्तातून ओढून घेऊन ती त्यापासून दोन संप्रेरके बनवते. रेणूत आयोडीनचे चार अणू असलेल्या संप्रेरकास थायरॉक्सिन किंवा टी-४ म्हणतात, आणि तीन अणू असलेल्यास ट्रायआयोडोथायरोनिन किंवा टी-३. ग्रंथीतून बाहेर पडणारा मोठा वाटा टी-४चा असतो. परंतु पेशींत प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक टी-३ होय. शरीरातील सुमारे चार-पंचमांश टी-३ ग्रंथीत तयार होत नाही. यकृत, मूत्रपिंड, स्नायू इत्यादी ठिकाणी टी-४मधील आयोडीनचा एक अणू काढून ते बनवले जाते. हे काम करणाऱ्या विकरांना सेलेनियम हे मूलद्रव्य लागते.

रक्तात असलेली जवळजवळ सर्व संप्रेरके प्रथिनांना चिकटलेली असतात. मोकळा अंश एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी असतो आणि पेशींत शिरून काम करतो तो हाच अंश. म्हणून तपासणीत एकूण टी-४ऐवजी ‘फ्री टी-४’ मोजणे अधिक उपयुक्त ठरते. टी-४चा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा, तर टी-३चा सुमारे एक दिवसाचा आहे.

ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीचा अंमल चालतो. ती टीएसएच नावाचे संप्रेरक सोडते आणि त्याच्या प्रेरणेने अवटू ग्रंथी काम करते. पियूषिकेवर आणखी वरून, मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाचे नियंत्रण असते. रक्तात टी-४ आणि टी-३ पुरेसे झाले की पियूषिका टीएसएच आवरते. ते कमी पडले की वाढवते. त्यामुळे टीएसएचचा आकडा संप्रेरकाच्या उलट दिशेने जातो. अहवालात टीएसएच ‘वाढलेले’ दिसले म्हणजे ग्रंथी जास्त काम करते असे नव्हे. बहुधा ती कमी काम करत असते आणि पियूषिका तिला जोराने हाकत असते. अहवाल वाचताना रुग्ण आणि नातेवाईक सर्वांत जास्त फसतात ते येथे. पियूषिका फार संवेदनशील असल्याने टी-४ थोडेसे बदलले तरी टीएसएच कितीतरी पटींनी बदलते. ग्रंथीच्या कामाचा प्राथमिक अंदाज घेण्यासाठी टीएसएच मोजतात ते याच कारणाने. प्रौढांत त्याची नेहमीची मर्यादा ढोबळपणे ०.४ ते ४ मिलीएकक प्रतिलिटर धरली जाते; प्रयोगशाळेगणिक आणि वयोमानाप्रमाणे ती थोडी बदलते.

रक्तदाब कशाने ठरतो

रोहिण्यांतील रक्ताचा दाब दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो. हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर ढकलते ही पहिली, आणि त्या रक्ताला पुढे जाताना किती अडथळा होतो ही दुसरी. हा अडथळा मुख्यतः रोहिणिकांमध्ये, म्हणजे अगदी बारीक रोहिण्यांमध्ये असतो, आणि त्यास परिसरीय रोध म्हणतात. बागेला पाणी घालण्याच्या नळीत पाण्याचा जोर वाढवायचा तर नळ अधिक उघडावा लागतो किंवा नळीच्या तोंडावर बोट दाबावे लागते. अवटू-आधिक्यात नळ जास्त उघडला जातो. अवटू-न्यूनतेत तोंडावरचे बोट घट्ट होते.

रक्तदाब लिहिताना दोन आकडे देतात. हृदय आकुंचन पावताना रोहिण्यांत जो कमाल दाब निर्माण होतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात दाब जेथपर्यंत उतरतो तो खालचा. दोहोंतील अंतरास नाडीदाब म्हणतात. वरचा आकडा एका ठोक्यात किती रक्त फेकले गेले आणि महारोहिणी किती लवचिक आहे यांवर पुष्कळसा अवलंबून असतो. खालच्या आकड्यावर परिसरीय रोधाचा प्रभाव अधिक असतो.

अवटू-आधिक्यातील रक्तदाब

टी-३ रोहिणिकांच्या भिंतींतील अनैच्छिक स्नायूंना सैल करते. ते जास्त झाले की या रोहिणिका रुंदावतात आणि परिसरीय रोध उतरतो. तीव्र आधिक्यात तो ५० ते ७० टक्क्यांपर्यंत उतरल्याचे आढळले आहे. केवळ एवढेच घडले असते तर रक्तदाब घसरला असता. परंतु रोहिण्या सैलावल्याची वार्ता मूत्रपिंडांना लागते. त्यांना रक्त अपुरे आहे असे भासते आणि ती रेनिन सोडतात. रेनिनमुळे सुरू होणाऱ्या साखळीतून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन वाढतात, मीठ व पाणी शरीरात राखले जाते आणि रक्ताचे आकारमान वाढते. हृदयाकडे परतणारे रक्त त्यामुळे वाढते.

हृदयाच्या पेशींवर टी-३चा थेट परिणामही होतो. पेशीच्या केंद्रकात शिरून ते काही जनुकांचे काम वाढवते. आकुंचन घडवणारी प्रथिने आणि पेशीतील कॅल्शियम आत-बाहेर करणारे पंप यांत बदल होऊन हृदय वेगाने आणि जोराने आकुंचते व तितक्याच झपाट्याने सैलावते. विश्रांतीतही नाडी मिनिटाला ९०च्या वर राहते. छातीत धडधड, हातांना कंप, घाम, अस्वस्थता ही लक्षणे अॅड्रेनलिन वाढल्यासारखी भासतात. प्रत्यक्षात मात्र रक्तातील अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन यांचे प्रमाण अशा रुग्णांत वाढलेले नसते.

या सर्वांचा परिणाम म्हणून हृदय दर मिनिटाला नेहमीपेक्षा दीडपट ते काही रुग्णांत कितीतरी अधिक रक्त ढकलू लागते. प्रत्येक ठोक्याला महारोहिणीत मोठा लोंढा येतो आणि वरचा दाब चढतो. पुढे रोहिणिका मोकळ्या असल्याने तो लोंढा झटकन वाहून जातो आणि खालचा दाब जेथल्या तेथे राहतो किंवा उतरतो. १६०/७० यांसारखा रक्तदाब हे याचे नमुनेदार उदाहरण होय; येथे नाडीदाब ९० मिमी पारा इतका रुंद आहे. तरुण माणसाच्या लवचिक रोहिण्या हा लोंढा पुष्कळसा सामावून घेतात, म्हणून त्यांच्यात वरचा दाब फारसा वाढत नाही. वयस्कर माणसाच्या ताठर रोहिण्यांना ते जमत नाही.

वयस्कर रुग्णांत आणखी एक अडचण असते. वयोमानाने रोहिण्या ताठर झाल्या की केवळ वरचा दाब वाढणे ही नेहमीचीच गोष्ट असल्याने अवटू ग्रंथीची शंका कोणाला येत नाही. त्यातच वृद्धांत आधिक्याची ठळक लक्षणे पुष्कळदा दिसत नाहीत. कंप नसतो, डोळे मोठे दिसत नाहीत, चिडचिडेपणाऐवजी उलट निरुत्साह असतो. केवळ वजन उतरणे, थकवा आणि अनियमित नाडी एवढेच हाती लागते. नाडीच्या या अनियमिततेमागे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर, असू शकते. त्यातून हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका निर्माण होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीत साठ वर्षांवरील ज्या व्यक्तींचे टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात दहा वर्षांत ही विस्कळीत थरथर सुरू होण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला.

अवटू-न्यूनतेतील रक्तदाब

येथे चित्र उलटते, आणि कदाचित त्यामुळेच ते अनेकांना पटत नाही. शरीराची सर्व कामे मंदावतात, नाडी संथ होते, हृदयाचे उत्सर्जन ३० ते ५० टक्क्यांनी घटते. मग रक्तदाब उतरायला हवा, अशी साहजिक समजूत असते. काही रुग्णांत तो उतरतोही. पण टी-३ नसल्याने रोहिणिकांचे स्नायू सैलावत नाहीत, परिसरीय रोध सुमारे निम्म्याने वाढू शकतो आणि खालचा दाब वर सरकतो. हृदय कमी रक्त फेकत असल्याने वरचा आकडा त्या मानाने कमी वाढतो. १४०/१०० यांसारखा अरुंद नाडीदाबाचा रक्तदाब हे याचे लक्षण होय.

मोठ्या रोहिण्यांतही ताठरपणा येतो. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड हा रोहिण्या सैल करणारा वायू पुरेसा बनत नाही. रक्तातील नॉरअॅड्रेनलिन वाढते. रेनिन मात्र कमी असते, म्हणून हा रक्तदाब मिठाला विशेष संवेदनशील असतो. आहारातील मीठ वाढले की तो वाढतो आणि कमी केले की उतरतो. न्यूनतेत रक्तातील कोलेस्टेरॉलही वाढते. वाढलेला खालचा दाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांची ही जोडी दीर्घकाळ टिकली तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांना अपाय होतो. अनेक रुग्णांत झोपेत श्वास अडखळण्याचा विकारही आढळतो आणि तोही रक्तदाब वाढवतो.

न्यूनतेची लक्षणे सावकाश येतात. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, त्वचा कोरडी पडणे, केस गळणे, आवाज घोगरा होणे, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव, चेहऱ्यावर सूज यांपैकी प्रत्येक तक्रारीला दुसरे काहीतरी कारण सहज जोडता येते. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत हा विकार जास्त असतो आणि त्याच वयात पाळी जाण्याचा काळ येतो. घरातली सारी कामे उरकणाऱ्या बाईच्या थकव्याला ‘वय झाले’ म्हणून निकालात काढणे सोपे असते. रक्तदाबाच्या नोंदीत खालचा आकडा वाढलेला असणे हा अशा वेळी उपयोगी पडणारा धागा आहे.

इतिहास

अवटू ग्रंथीचे विकार रक्तदाबमापकाच्या आधीच ओळखले गेले होते. आयर्लंडमधील रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली आणि जर्मनीतील कार्ल फॉन बाझेडो यांनी १८४० साली मोठा झालेला गळा, बाहेर आलेले डोळे आणि हृदयाची धडधड यांचे वर्णन केले. ब्रिटनमधील कॅलेब पॅरी यांनी त्याही आधी असे रुग्ण पाहिले होते, परंतु त्यांचे टिपण त्यांच्या निधनानंतर १८२५ साली छापले गेले. न्यूनतेचे वर्णन लंडनमध्ये विल्यम गल यांनी १८७३ साली केले, आणि विल्यम ऑर्ड यांनी १८७८ साली तिला मिक्सिडिमा हे नाव दिले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी १८८३ साली, संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या रुग्णांना हीच अवस्था येते, हे प्रांजळपणे जाहीर केले. स्वतःच्या शस्त्रक्रियेचा दोष स्वतःच मांडणाऱ्या या वैद्याला ग्रंथीविषयीच्या कार्यासाठी १९०९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्रेव्ह्ज किंवा गल यांना रुग्णाची नाडी मोजता येत होती, दाब नव्हे. इटलीतील स्किपिओने रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळण्याच्या पट्ट्याचे उपकरण १८९६ साली मांडले. त्याने बोटांनी नाडी चाचपून केवळ वरचा दाब कळे. रशियातील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली रोहिणीवर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकण्याची रीत दिली, तेव्हा कुठे खालचा दाब सहजपणे मोजता येऊ लागला. अवटू-न्यूनतेतील दाबाचा वाढीव आकडा नेमका हाच असल्याने तो ध्यानात यायला त्यानंतरचा काळ उजाडावा लागला.

उपचाराची वाट मात्र आधीच सापडली होती. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी १८९१ साली न्यूनतेच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षे जगली. एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २५ डिसेंबर १९१४ रोजी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ साली त्याची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज बार्जर यांच्यासह ते प्रयोगशाळेत तयार केले. टी-३चा शोध जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी १९५२ साली लावला.

पाहण्यांतून मिळालेली माहिती

अवटू-न्यूनता आणि उच्च रक्तदाब एकत्र आढळणे हा केवळ वयाचा योगायोग नाही, हे दाखवणाऱ्या पाहण्यांत दोन विशेष उल्लेखनीय आहेत. जपानमधील संशोधकांनी १९८३ साली हाशिमोटो विकार असलेल्या ४७७ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. हा विकार म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेनेच ग्रंथीवर केलेला हल्ला होय. ज्यांच्या ग्रंथीचे काम अजून नीट चालू होते त्यांच्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाण ५.५ टक्के, तर न्यूनता आलेल्यांत ते १४.८ टक्के भरले. अमेरिकेतील डेव्हिड स्ट्रीटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली उच्च रक्तदाबाच्या ६८८ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी २५ जणांत, म्हणजे ३.६ टक्के रुग्णांत, न्यूनता सापडली. संप्रेरकाची भरपाई केल्यावर त्यांतील सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचा खालचा दाब ९०पर्यंत किंवा त्याखाली आला.

हे प्रमाण लहान वाटेल, पण रक्तदाबाचे रुग्ण कोट्यवधी आहेत. उलट बाजूही तितकीच ध्यानात घेण्याजोगी आहे: उरलेल्या दोन-तृतीयांशांचा दाब केवळ भरपाईने पुरेसा उतरला नाही. दीर्घकाळच्या दाबाने रोहिण्यांच्या भिंती जाड झाल्या असतील किंवा जोडीला प्राथमिक उच्च रक्तदाब असेल, तर मूळ कारण दूर करूनही दाब काही अंशी राहतो. ‘थायरॉइडची गोळी सुरू झाली, आता बीपीची बंद’ हा निष्कर्ष म्हणून घाईचा ठरतो.

नॉर्वेमध्ये अवटू ग्रंथीचा विकार आधी माहीत नसलेल्या ३०,०००हून अधिक लोकांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत टीएसएच नेहमीच्या मर्यादेत असतानाही ते एका एककाने जास्त असेल, तर वरचा दाब सरासरीने सुमारे २ मिमी पारा जास्त आढळला. एका व्यक्तीच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे. ग्रंथी आणि रक्तदाब यांचा संबंध रोगाच्या सीमेअलीकडेही चालू असतो, एवढेच त्यावरून कळते.

सौम्य किंवा अप्रकट न्यूनतेचा प्रश्न याहून वादाचा आहे. यात टीएसएच किंचित वाढलेले, पण टी-४ मर्यादेतच असते. अशा व्यक्तींना गोळी द्यावी की नाही, यावर एकमत नाही. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थायरॉक्सिन घेतल्याने लक्षणांत किंवा थकव्यात काही फरक पडला नाही. टीएसएच १०च्या वर असल्यास, गर्भधारणा अपेक्षित असल्यास किंवा लक्षणे ठळक असल्यास उपचाराकडे कल असतो. वृद्धांत पुनर्तपासणी करून वाट पाहणे पुष्कळ वैद्यांना योग्य वाटते.

निदान

नव्याने उच्च रक्तदाब आढळल्यावर टीएसएच मोजण्याचा सल्ला अनेक वैद्यकीय मार्गदर्शिकांत दिलेला आहे. पुढील परिस्थितीत त्याचे महत्त्व विशेष असते: दोन-तीन औषधे नियमित घेऊनही दाब आटोक्यात नसणे, पूर्वी आटोक्यात असलेला दाब एकाएकी बिघडणे, नाडी फार जलद किंवा फार संथ असणे, कोलेस्टेरॉल अनपेक्षितपणे वाढणे, गळ्यावर सूज असणे किंवा कुटुंबात अवटू ग्रंथीचा विकार असणे. अमिओडॅरोन हे हृदयाच्या अनियमिततेवरचे औषध आयोडीनने भरलेले असून त्याने आधिक्य आणि न्यूनता दोन्ही उद्भवू शकतात. लिथियम या मानसोपचारातील औषधाने न्यूनता येऊ शकते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन हे जीवनसत्त्व काही तपासण्यांत खोटा निकाल देते आणि नसलेले आधिक्य दाखवते. तपासणीपूर्वी ते थांबवून तसे प्रयोगशाळेला सांगणे आवश्यक असते.

धडधड, घाम आणि मधूनमधून उसळणारा रक्तदाब ही लक्षणे अधिवृक्क ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीतही असतात, आणि ती अवटू-आधिक्य समजली जाण्याचा संभव असतो. एका आनुवंशिक विकारात ही गाठ आणि अवटू ग्रंथीचा एक विशिष्ट कर्करोग एकत्र येतात. तेथे गळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी अधिवृक्काची गाठ शोधणे अत्यावश्यक असते, अन्यथा भूल देताना रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो.

उपचार

आधिक्यात प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-रोधक औषधे धडधड व वरचा दाब लवकर आटोक्यात आणतात. ती दमा असलेल्यांना सहसा चालत नाहीत. मूळ विकारासाठी कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल ही संप्रेरकनिर्मिती रोखणारी औषधे, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. या औषधांनी क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. म्हणून औषध चालू असताना ताप आणि घसादुखी आल्यास गोळी थांबवून तत्काळ रक्त तपासावे लागते. किरणोत्सारी आयोडीननंतर बहुतेकांत कालांतराने न्यूनता येते. आधी वाढलेला वरचा दाब उतरून काही महिन्यांनी खालचा दाब चढू लागला, तर तो त्याचा इशारा असू शकतो.

न्यूनतेत लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात. ती सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेऊन न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास जाऊ द्यावा लागतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. मात्रा पुरेशी असूनही टीएसएच उतरत नाही, अशा वेळी पुष्कळदा दोष मात्रेत नसून सर्व गोळ्या एकदम गिळण्याच्या सवयीत असतो. टी-४चा अर्धायुकाल सात दिवसांचा असल्याने रक्तातील पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा मोजतात. आठवडाभरात रक्तदाब उतरला नाही म्हणून मात्रा आपल्या मनाने वाढवणे घातक आहे. वृद्ध आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांत गोळी फार कमी मात्रेने, १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून, सुरू करतात. अनेक वर्षे संथ चाललेल्या हृदयाला एकदम पूर्ण मात्रा दिल्यास छातीत कळ येऊ शकते. वजन उतरवण्यासाठी निरोगी माणसाने ही गोळी घेणे म्हणजे अवटू-आधिक्य औषधाने ओढवून घेणे होय.

गरोदरपण

गरोदरपणात संप्रेरकांची गरज वाढते. आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीची मात्रा बहुधा वाढवावी लागते. अनियंत्रित आधिक्यात आणि तीव्र न्यूनतेत गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा व पूर्वआक्षेपकाचा, म्हणजे वाढता दाब व लघवीत प्रथिने जाण्याच्या अवस्थेचा, धोका वाढतो. आधिक्यासाठी पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलऐवजी प्रोपिलथायोयुरासिल पसंत केले जाते. किरणोत्सारी आयोडीन गरोदरपणात पूर्णतः वर्ज्य आहे.

भारतातील स्थिती आणि मिठाचा प्रश्न

भारतात एकेकाळी अवटू ग्रंथीचा मुख्य प्रश्न आयोडीनच्या अभावाने होणाऱ्या गलगंडाचा होता. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे सिद्ध झाले. त्यावर आधारलेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. १९९२ साली त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम झाले. शहरी भारतातील आजचे चित्र निराळे आहे. मुंबई आणि गोवा यांसह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०.९५ टक्के व्यक्तींत अवटू-न्यूनता आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे. दोन्ही विकार इतके सर्वदूर असल्याने एकाच व्यक्तीत ते परस्परांशी संबंध नसतानाही एकत्र येऊ शकतात.

मिठाबाबत दोन सल्ले परस्परविरोधी वाटतात. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचे, तर आयोडीनसाठी मीठ हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते यात विरोध नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे आणि जेवढे खाल्ले जाते ते आयोडीनयुक्त असावे. मिठाचा खप कमी झाल्यास त्यातील आयोडीनचे प्रमाण वाढवता येते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर स्त्रीला २५०. महाराष्ट्रातील अनेक घरांत रक्तदाब निघाल्यावर साध्या मिठाऐवजी सैंधव वापरण्याची पद्धत आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, म्हणून तेवढ्याच प्रमाणात खाल्ल्यास रक्तदाबाला त्याचा म्हणण्यासारखा लाभ नाही. आणि पुडीवर आयोडीनयुक्त असे लिहिलेले नसल्यास आयोडीनही हुकते. पापड, लोणचे, फरसाण आणि बेकरीतील पदार्थ यांतून पोटात जाणारे मीठ या हिशेबात धरायचे बहुधा राहून जाते.